कानस मारलेला पैसा

माझ्या कानांचा मला फार गर्व होता. जालन्यातल्या मस्तगडात माझ्या गॅरेजसमोर गाडी येऊन थांबली की हातातला कप खाली न ठेवता मी सांगायचो, टॅपेट ढिला आहे, नाही तर बेअरिंग गेलंय. बहुतेक वेळा खरं निघायचं. जालन्यात मिस्त्री ढिगानं होते, पण नुसतं "मिस्त्री" म्हटलं की तो मीच, मुकुंद जोशी, असं निदान मला तरी वाटायचं. भिक्षुकाच्या घरात जन्मून काळ्या हातांनी जेवायला बसतो म्हणून वडील जन्मभर माझ्यावर चिडून राहिले. मीही त्यांच्यावर चिडून होतो. राग हाच आमच्या घरचा जमीनजुमला.

माझी आणखी एक खूण होती, भोकाचा पैसा. इंग्रजांच्या शेवटच्या दिवसांतला तो तांब्याचा पैसा बाजारातून केव्हाच उठला होता. लहान पोरांच्या करगोट्यात ओवलेला तेवढा दिसायचा. माझ्याकडे त्यांचा डबाभर साठा होता. तीन सुती बोल्टवर तो वॉशर म्हणून मापात बसायचा, आणि जाडीला सगळे सारखे. कुठल्याही गाडीचं इंजिन उघडल्यावर आत भोकाचा पैसा निघाला की लोक म्हणायचे, ही मिस्त्रीच्या हातची.

शहात्तर सालच्या शिमग्याला अप्पारावांनी त्यांची गाडी माझ्याकडे आणली. अप्पाराव मूळचे टेंभुर्णीचे, जालन्यात त्यांचं कापसाचं जिनिंग होतं. कुठल्याशा जहागीरदाराकडून घेतलेली ती जुनी अमेरिकन गाडी, सहा सिलिंडरची, हे एवढं लांब नाक. अप्पारावांना नाद एकच. जालन्याहून बदनापूरला जाताना रस्ता बराच वेळ रुळांना धरून जातो. सकाळची पॅसेंजर सुटली की तिच्याबरोबर गाडी सोडायची आणि बदनापूरचं फाटक तिच्या आधी गाठायचं. आणीबाणीमुळं गाड्या वेळेवर सुटायला लागल्या होत्या आणि त्या एका गोष्टीसाठी अप्पाराव आणीबाणीवर खूश होते. पण दर खेपेला पॅसेंजरच पुढं निघायची आणि डब्यातले लोक खिडकीतून टॉवेल हलवायचे.

"मिस्त्री, इंजिनात जान घाला," अप्पाराव म्हणाले. "खर्च्याचं बघू नका. पन त्या टॉवेलवाल्यायला एक डाव धूळ चारायचीय मला."

मी इंजिनाचं हेड उतरवून अर्धा सूत, म्हणजे जवळपास पैशाच्या जाडीएवढं, घासून आणलं. हेड बुटकं झालं की पेट्रोलची हवा जास्त दाबली जाते आणि इंजिन जोर करतं. पण त्यात एक भानगड असते. व्हॉल्व्ह उघडतो रॉकर, आणि रॉकरला खालून ढकलते पुशरॉड नावाची सळई. हेड बुटकं झालं की तीच सळई लांब पडते आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. मग सगळे रॉकर ज्या शाफ्टवर डुलतात, त्या शाफ्टचे स्टँड तेवढेच वर उचलावे लागतात. मी सहा स्टँडांखाली सहा भोकाचे पैसे घातले, बोल्ट आवळले आणि डोकं चालवल्याबद्दल स्वतःलाच शाबासकी दिली.

जुन्या पुशरॉड झिजल्या होत्या. नव्या बारा भिवानं करून दिल्या. भिवाचं लेथचं, लोखंड कातायचं, दुकान माझ्यापासून चार घरं सोडून. त्याचा हात रेल्वेच्या शेडमध्ये तयार झालेला. छप्पन्न साली त्याच्या घरानं धम्म घेतला तेव्हा तो पंचविशीत असेल, म्हणजे माझ्याच वयाचा. बोलायचा कमी. अप्पारावांच्या जिनिंगचे रोलर आणि शाफ्ट दर पावसाळ्यात तोच दुरुस्त करायचा. चार महिन्यांच्या त्या कामावर त्याचं घर वर्षभर जेवत होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

गाडीनं पॅसेंजरला हरवलं. एकदा नाही, पाच वेळा. अप्पारावांनी बदनापूरच्या फाटकावर पेढे वाटले आणि ड्रायव्हर साहेबराव ज्याला त्याला सांगत सुटला, "मिस्त्रीचा पैसा हाय आतमंधी." मी कानात अत्तराचा फाया घालून हिंडत होतो म्हणा ना.

सहाव्या वेळी मात्र गाडी फाटकाच्या दोन मैल अलीकडं टकटक करत बसली. पॅसेंजर आरामात पुढं गेली. टॉवेल काय, लोकांनी टोप्या हलवल्या म्हणे.

बैल लावून गाडी माझ्या दारात आणली. अप्पाराव लालबुंद, बघ्यांची ही गर्दी. भिवाही आला होता. मी रॉकरवरचं झाकण काढलं. मागच्या तीन पुशरॉड धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. ते सगळ्यांना दिसलं. मला आणखी एक दिसलं, शाफ्टचा मागचा भाग तापून निळा पडलेला. रॉकरवर बोट फिरवलं तर बोट कोरडं. मी हातातलं तेलकट फडकं शाफ्टवरून फिरवलं. निळेपण जुनंच असेल, असं मनाशी म्हणालो.

"पोलाद कच्चं आहे," मी मोठ्यानं म्हणालो. "रॉडच कच्च्या. इंजिन काय करणार?"

भिवा पुढं वाकला. "रॉकर कोरडे दिसून राह्यलेत, मिस्त्री. तेल वर चढत न्हाई. मागचा स्टँड उचलून बघू का?"

"तू तुझ्या रॉड बघ. तेल मला शिकवू नकोस."

मी हे कसं म्हणालो ते मला नेमकं आठवतं. त्याच्याकडं न बघता, हात हलवून, गोठ्यातलं वासरू बाजूला सारावं तसं. दुसरा कोणी असता, समजा बाजारपेठेतला कुणी लेथवाला, तर मी असा हात हलवला असता का? नसता हलवला. चारचौघांत मला चूक म्हणणारा भिवा होता, आणि भिवाला गप्प करायला फार काही लागत नाही हे मला न शिकवता कळत होतं. हे लिहितानाही कान गरम होतात.

अप्पाराव तिथल्या तिथं म्हणाले, "भिवा, साध्या सळया जमंनात तुला. माझ्या जिनिंगचे शाफ्ट कसे द्यावे तुझ्या हाती?"

त्यांनी ते पावसाळ्याचं काम औरंगाबादच्या एकाला दिलं. एक वाक्य मध्ये टाकायला मला किती वेळ लागला असता? मी पाने पुसत बसलो.

रॉड मात्र पुन्हा भिवानंच करून दिल्या. मला माझ्या बायकोच्या, उमाच्या, भाचीच्या लग्नाला कुंभार पिंपळगावला जायचं होतं. "तूच बसव," असं सांगून मी गेलो. दोन दिवसांनी परत आलो तर इंजिन गाणं म्हणत होतं. काय केलंस, हे मी भिवाला विचारलं नाही. साहेबरावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "बघ, पोलाद बरं घातलं की झालं ना बरोबर?" भिवा फडक्याला हात पुसत होता. त्यानं फडकं घडी करून खिशात घातलं आणि निघून गेला.

त्या पावसाळ्यात भिवाचा लेथ बंदच असायचा. एखाद्या पंपाचा शाफ्ट आला की तासभर पट्टा फिरायचा, मग पुन्हा सामसूम. माझे कान चांगले होते ना, मला ते बंद असणंही ऐकू यायचं. चिडचिड व्हायची ती भिवावर. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, दुसरीकडं काम बघावं माणसानं, असं मी बायकोला ऐकवायचो. भाद्रपद संपता संपता कळलं की परभणीचा एक जण लेथ बघून गेला. दसरा झाला की भिवा लेथ विकणार आणि बायकोला घेऊन भावाकडं मजुरीला जाणार.

त्याच आठवड्यात अप्पारावांची गाडी आली. हेडखालून तेल पाझरत होतं, गॅस्केट बदलायचं होतं. मी रॉकरचे स्टँड काढत गेलो. पहिल्या पाचांखालून पाच पैसे निघाले, मी घातले होते तसेच. सहावा, मागचा, काढला आणि हातात धरून तसाच उभा राहिलो.

त्या पैशाच्या भोकाला एका बाजूनं खाच पाडलेली होती. बाहेरची कड शाबूत ठेवून, आतून बारीक गोल कानशीनं घासत नेलेली. धार मोडून कडा गुळगुळीत केलेल्या. हेडकडं बघितलं तर खाच बरोबर एका बारीक भोकावर येत होती. शाफ्टला तेल चढतं ते एवढ्या एकाच भोकातून, मागच्या स्टँडच्या पोटातून. आणि मी त्या भोकावर अख्खा पैसा ठेवून वरून बोल्ट आवळला होता. जोडताना हातानं ओतलेलं तेल पाच शर्यती पुरलं. मग रॉकर शाफ्टवर कोरडे धरले गेले आणि खालून ढकलणाऱ्या रॉड बिचाऱ्या वाकल्या. वाकणार नाहीत तर काय करतील?

भिवानं हे तेव्हाच बघितलं होतं. तो पैसा मुठीत धरून त्याला सरळ अप्पारावांकडं जाता आलं असतं. त्यानं तो कानशीनं घासला आणि होता तिथं ठेवून दिला.

आता मी काय केलं ते ऐका. मी दुसरा पैसा घेतला, त्याला तशीच खाच पाडली आणि तो बसवला. माझी खाच वाकडी झाली. भिवाचा पैसा सदऱ्याच्या खिशात टाकला. उद्या दुसऱ्या कोणी इंजिन उघडलं तर भिवाचा हात दिसू नये म्हणून. शरम वाटली का? वाटली, चांगलीच वाटली. पण शरम वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. मी नऊ दिवस गप्प राहिलो.

चौथ्या दिवशी उमाला धुण्यात तो पैसा सापडला. तिनं उजेडात धरून बघितला.

"हा कुणी घासलाय?"

"भिवानं."

"किती निगुतीनं घासलाय," ती म्हणाली आणि माझ्या हातात देऊन धुणं वाळत घालायला गेली. मी भाजीत मीठ नाही म्हणून तिच्यावर ओरडलो. भाजी अजून चुलीवरसुद्धा चढली नव्हती.

खंडेनवमीला अप्पारावांच्या जिनिंगमध्ये दरसाल मोठी पूजा असते. हत्यारं धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून ओळीनं मांडायची. त्या वर्षी माझेही पाने त्यांनी मागवून पूजेत ठेवले होते. गाडीला झेंडूचा हार. आरती झाल्यावर अप्पारावांनी माझ्या खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला आणि जमलेल्या साठ-सत्तर जणांना सांगितलं, "मिस्त्री हायेत म्हनून आपली शान हाय."

मग हळूच मला म्हणाले, "तो भिवा लेथ इकून चाललाय म्हनं. जाऊ द्या. हातात कसब पायजे ना."

मी खिशातून तो पैसा काढून पूजेच्या ताटात ठेवला.

"अप्पाराव, रॉड कच्च्या नव्हत्या," मी म्हणालो. "तेलाच्या भोकावर मी पैसा ठेवला होता. चूक माझी. भिवानं हा घासला म्हणून तुमची गाडी चालली. मला तेव्हा माहीत नव्हतं."

अप्पाराव हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा रे, मन बघा मिस्त्रीचं! गरिबाचं काम जाऊ न्हाई म्हनून सोताच्या डोक्यावर घिऊन राह्यले." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! मला वाटलं, आता इथंच जमिनीत गडप व्हावं. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी लगेच खरं धरलं होतं, आणि आता खरं बोलतोय तर मी थोर माणूस. माझं टाळकं फिरलं. या रागाचा जन्मात पहिल्यांदा काही उपयोग झाला.

"इंजिन उघडून दाखवतो," मी ओरडलो आणि पान्यांकडं हात नेला.

अप्पारावांनी माझा हात धरला. "आज न्हाई, मिस्त्री. पूजेत बसलीत हत्यारं. उद्यापस्तोर हात लावायचा नसतो, तुमाला का सांगायचं?"

खरंच होतं. त्या दिवशी अख्ख्या जालन्यात कोणी मिस्त्री पाना उचलणार नव्हता. एक दुकान सोडून. मी शेला उतरवून ठेवला आणि चालत सुटलो.

भिवाच्या दुकानात ना हार होता ना हळदकुंकू. मागं मालनबाई, त्याची बायको, उद्याच्या धम्मदिनासाठी पांढरी लुगडी पिळत होती. भिवा लेथला ग्रीस लावत होता, परभणीवाल्याच्या हवाली करण्याआधी शेवटचं.

"भिवा, पाने दे," मी म्हणालो. "अप्पारावांना मागचा स्टँड उघडून दाखवायचाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दिसला का पैसा?"

"नऊ दिवस झाले."

तो ग्रीस पुसत राहिला.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस, भिवा?"

"कोनी ऐकलं असतं? म्हनले असते, भिवानंच बदलून ठिवला. तुमच्या पैशाला कोनी नाव ठिवत न्हाई, मिस्त्री."

"मग घासलास कशाला? तशीच मरू द्यायची गाडी."

"इंजिनाचा काय कसूर व्हता?" तो म्हणाला. "आन म्या तो तसाच ठिवला तुमच्यासाठी. कधी न कधी तुमीच उघडसाल. मंग तुमाला कळंल. तुमी सांगसाल, असं वाटलं व्हतं मला. बायकोला बी तसंच सांगितलं म्या."

मालनबाईंचे लुगडं पिळणारे हात थांबले होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

"पाने दे," मी पुन्हा म्हणालो.

"पाने देत न्हाई," भिवा म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावली. "मी येतो."

जिनिंगच्या अंगणात त्यानं झेंडूचा हार काढून बाजूला ठेवला, बॉनेट उचललं, झाकण उतरवलं. माझी वाकडी खाच असलेला पैसा काढून त्यानं एकदा बघितला, माझ्याकडंही बघितलं. त्या जागी एका पोराच्या करगोट्यातून मागून घेतलेला अख्खा पैसा घातला. रॉकर कोरडे पुसले. साहेबरावानं इंजिन सुरू केलं. माणसं टाचा उंच करून बघायला लागली. बारा रॉकर खडखडत राहिले. दोन मिनिटं झाली तरी एक थेंब नाही.

"बोट लावा, मालक," भिवा म्हणाला.

अप्पारावांनी बोट लावलं. कोरडं होतं.

इंजिन बंद केलं. भिवानं अख्खा पैसा काढला आणि पूजेच्या ताटातला आपला पैसा उचलून बसवला. बोल्ट आवळले. पुन्हा सुरू केलं. आधी मागच्या रॉकरच्या बगलेतून तेल चमकलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. बघता बघता सगळे रॉकर न्हाऊन निघाले आणि दोन थेंब उडून अप्पारावांच्या पांढऱ्या बाहीवर पडले. त्यांनी ते पुसले नाहीत.

मग ते म्हणाले, "भिवा, लेथ इकू नको. औरंगाबादवाल्याला मी बघून घेतो. जिनिंगचं काम तुझंच."

कोणीतरी "वा" म्हणालं. मला हलकं वाटलं, अगदी सुटल्यासारखं. केलं बुवा एकदाचं, असं मी स्वतःला सांगत होतो. शेल्याकडंही नजर गेली माझी, खोटं कशाला बोलू.

भिवानं झाकण परत बसवलं. झाकणाचे नट हातानं आवळत तो माझ्या शेजारी उभा होता. त्यानं मान वर केली नाही. इंजिन चालूच होतं, त्याचं बोलणं मला एकट्यालाच ऐकू आलं.

"मघाशी तुमी पूजेत म्हनले म्हनं, 'मला तेव्हा माहीत नव्हतं.' वाटंत लोकं सांगत व्हते," तो म्हणाला. "पन त्या दिशी तुमी शाफ्टवर फडकं फिरवलं, मिस्त्री. निळा पडल्याला व्हता तो. म्या बघितलं. कोरडा हाय हे तुमाला तवाच कळलं व्हतं ना?"

इंजिन आता अगदी मऊ चाललं होतं. कुठं टकटक नाही, काही नाही.

"हो," मी म्हणालो.

ते 'हो' त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतकं हळू निघालं. भिवानं शेवटचा नट आवळला आणि पाना पिशवीत टाकला. मी साहेबरावाला हात करून इंजिन बंद करायला लावलं, आणि सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागल्यावर तेच पुन्हा मोठ्यानं म्हणालो, शाफ्ट कोरडा आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.